थिगळाचा क

चपला काढताना तोल जाऊ नये म्हणून मी भिंतीला हात लावला आणि हाताखाली लाकूड आलं. माझ्या मुलाच्या, सयाजीच्या, नव्या घरात भिंतीवर लाकूड असायचं काही कारण नव्हतं. राजारामपुरीतलं हे घर सगळं सिमेंटचं, भिंतींना पिस्त्याच्या रंगाचा डिस्टेंपर, हात ठेवला की घसरतो. चार दिवस मी पेठ वडगावला लेकीकडे, धोंडुबाईकडे, जाऊन आलो होतो आणि तेवढ्यात इथे भिंतीला लाकूड फुटलं होतं. मी मान वर केली नाही. आधी बोटांनीच पाहिलं. जुनं सागवान, एका बाजूनं जळून खरबरीत झालेलं. गोल कापाची आतली कड पटाशीनं ओढलेली, कानशीनं नाही. आणि त्या गोलाच्या खालच्या अंगाला बोटाच्या एका पेरात मावेल अशी बारीक चीर. चौकोनी, फिरून जिथल्या तिथे येणारी. थिगळ. लाकडातली गाठ काढून तिथे सरसानं बसवलेला तुकडा. तो मी बसवला होता. दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नव्हतं, एक अप्पा पेंटर सोडून, आणि अप्पा मेला त्याला पाच वर्षं झाली. एक चप्पल पायात, एक हातात, असा मी उंबऱ्याशी उभा होतो.

“कसं दिसतंय, आबा?” कालिंदीनं विचारलं. कालिंदी माझी सून. मॅट्रिक झालेली, चित्रकलेच्या दोन परीक्षा दिलेली, घरात काचेच्या बरणीत मनीप्लँट लावणारी. तिच्यासाठी मी वर बघितलं. सगळी भिंत अक्षरांनी भरली होती. लाकडाची, पत्र्याची, एक पितळेचं. कुठल्या खानावळीचा ख, कुठल्या सायकलवाल्याचा स. संस्थान विलीन झालं तेव्हा कचेऱ्यांवरून उतरवलेली मोठी मोठी अक्षरंही त्यात होती, अजून त्यांच्या अंगावर सरकारी हिरवा रंग होता. काही सरळ, काही तिरकी, दोन तर चक्क उलटी. तरुणपणी मी राजवाड्यात पॉलिशच्या कामाला गेलो होतो तेव्हा तिथे भिंतीवर वाघांची आणि गव्यांची मुंडकी पाहिली होती. काचेचे डोळे बसवलेली. काम करताना मी त्यांच्याकडे पाठ करून बसायचो. आता माझ्या मुलाच्या घरात तसंच काहीतरी माझ्याकडे बघत होतं.

“ह्याचा अर्थ काय?” मी विचारलं.

“अर्थ नाही हो आबा, शोभा आहे.” ती हसली. “जुन्या बाजारातून पोतं भरून आणली. फॅक्टरीतला माणूस येऊन स्क्रूनं बसवून गेला. आणि हे दाराजवळचं माझं. कालिंदीचा क. जळकं म्हणून तो भंगारवाला टाकूनच देत होता, मीच मागून घेतलं. आज गुरुजी येतायत ना चारला, त्यांना किती आवडेल बघा. जन्मभर अक्षरं शिकवली त्यांनी.”

जन्मभर नाही. नऊ वर्षं. त्याआधी गुरुजींचं दुकान होतं. पाट्या, पेन्सिली, वह्या, शाईच्या पुड्या. ते जळालं म्हणून ते गुरुजी झाले. आणि त्या दुकानाच्या कपाळावर हा क होता. मी हातातली चप्पल खाली ठेवली. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. गुरुजी म्हणजे शांतिनाथ बाबासो, मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी वाचायला शिकवणारा माणूस, आणि माझी बायको चिमणाबाई गेल्यापासून ज्याच्याशी मी रोज बोलतो असा एकच माणूस, चार वाजता ह्या दारातून आत येणार होता.

“हे उतरवायचं,” मी म्हटलं.

“का?”

“जळकं हाय. घरात जळकं लावत न्हाईत.”

“आबा, आता हात लावायचा नाही हं,” असं म्हणून ती आत गेली. आतून मुगाच्या डाळीचा वास येत होता. गुरुजी जैन, कांदा-बटाटा नाही, जमिनीखालचं काही नाही, आणि दिवस मावळायच्या आत जेवण. तिनं सगळं नीट विचारून घेतलं होतं. तिचं काही चुकत नव्हतं. म्हणूनच तिचा राग येत होता.

मी खुर्चीवर बसलो. समोर भिंत. मी जन्मभर अक्षरं कापली आणि मला वाचता येत नव्हतं, ही गोष्ट मंगळवार पेठेत कुणाला माहीत नव्हती. अप्पा पेंटर कागदावर खाका काढून आणायचा, मी तो फळीवर डकवायचो आणि कापायचो. मला ती अक्षरं वाटतच नसत. कुणाला आकडा आहे, कुणाला शेपूट आहे, कुणी काठी धरून उभा आहे. ह्या क ला मी दोन कानांचं भांडं म्हणत असे. कापताना हा अवघड. डावा कान बंद, उजवा उघडा, आणि करवत डाव्या कानाच्या आत शिरायची तर आधी सामत्यानं भोक पाडून वाट करावी लागते. लोक म्हणायचे, जोतीराम मिस्त्रीच्या अक्षराला वळण आहे. पोस्टाची पत्रं घेऊन माझ्याकडे यायचे, वाचून दाखवा म्हणायचे. मी म्हणायचो, डोळे गेलेत, चष्मा न्हाई. चाळिसाव्या वर्षापासून मी डोळे गेल्याचं सोंग केलं आणि त्याच डोळ्यांनी केसाएवढी रेघ धरून करवत चालवली. कुणाच्या ध्यानात आलं नाही. माणसाला अक्षराची लाज किती असते, ते अक्षर येणाऱ्याला कळत नाही. चोरीची नसते तेवढी असते.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी अप्पानं एकाच आठवड्यात दोन पाट्यांचं काम आणलं. दोन्ही एकाच गल्लीतल्या समोरासमोरच्या दुकानांच्या. दोन्हींचा शेवट एकच होता, तो आता मला ठाऊक आहे, ‘आणि कंपनी’; त्याआधी एकीवर नाव, एकीवर नुसतं ‘जोशी’. तेव्हा एवढंच कळलं की दोन कानांचं भांडं शेवटाकडे दोन्हींत येतंय. एका क च्या पोटात गाठ निघाली. मी ती काढून थिगळ बसवलं. अप्पा म्हणाला, “हे त्र्यंबकरावांचं हाय, लई खट माणूस. तुकडा दिसला तर परत पाठवंल.” मी म्हटलं, रंगाखाली कुणाला दिसतंय. दोन्ही पाट्या अप्पा घेऊन गेला, त्यानंच रंगवल्या, त्यानंच लावल्या. मी तोवर त्या गल्लीत कधी गेलो नव्हतो. पण थिगळ म्हणजे त्र्यंबकराव, एवढं माझ्या डोक्यात राहिलं. सुताराच्या डोक्यात लाकूड राहतं.

आणि मग तो शनिवार. आदल्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळी घातली आणि मारणारा कोण जातीचा ते रेडिओवर कळलं. सकाळपासून गावात धूर होता. मी घरात बसायला हवं होतं. मी बघायला गेलो. आजवर मी स्वतःला सांगत आलो की हत्यारं पाजळायला दिली होती ती आणायला गेलो होतो, पण ती मी आदल्या दिवशीच आणली होती. मी बघायला गेलो. एका बोळाच्या तोंडाशी शंभरेक माणसं होती, निम्मी बाहेरच्या खेड्यातली, ट्रकमधून आलेली. सगळी दुकानं बंद, फळ्या लावलेल्या. त्यांना त्र्यंबक जोशाचं दुकान पाहिजे होतं आणि समोरासमोर दोन पाट्या होत्या, वाचता येणारं पुढे कुणी नव्हतं. एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता. आमच्या पेठेतल्या कुणीतरी मला ओळखलं. “अरं, मिस्त्री हाईत की! पाट्या ह्यांनीच केल्यात. मिस्त्री, वाचा की जरा, जोशाचं कंचं?” शंभर तोंडं माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता म्हणावं, मला वाचता येत न्हाई. एवढं एकच वाक्य होतं. ते म्हटलं असतं तर लोक हसले असते आणि मी घरी आलो असतो. मी वर बघितलं. डावीकडच्या पाटीवर शेवटाकडे दोन कानांचं भांडं होतं, रंग गुळगुळीत. उजवीकडच्या पाटीवर दोन कानांचं भांडं होतं आणि त्याच्या पोटाखाली रंगाला चौकोनी चीर पडली होती. लाकूड दोन ऋतू खाऊन हललं होतं. दुसऱ्या कुणाला दिसली नसती. मी म्हटलं, “उजवं.” बोट केलं की नाही ते आठवत नाही. बोट केलं. केलं होतं.

त्र्यंबकरावांचं दुकान काष्ठौषधींचं. हिरडा, ओवा, वावडिंग. फळ्यांतूनसुद्धा वास येत असणार. नाक उघडं असतं तरी कळलं असतं. पण त्या दिवशी रॉकेलशिवाय कशालाच वास नव्हता. उजवीकडचं दुकान पेटलं. वह्या फार छान जळतात. पानं सुटी होऊन वर जात होती, कोरी, एक अक्षर नसलेली. गर्दीला वाटलं, काम झालं. ती पुढच्या गल्लीला गेली. डावीकडचं दुकान तसंच राहिलं. घरी आल्यावर चिमणाबाईनं माझं धोतर दोनदा धुतलं, तिसऱ्यांदा नाकाशी धरून बघितलं आणि काही विचारलं नाही. ती मरेपर्यंत तिनं मला काही विचारलं नाही. चार दिवसांनी तालमीत लोक हसत होते, भटाचं सोडून जैनाचं जाळलं म्हणे, कुणी आंधळ्यानं दाखवलं कुणास ठाऊक. मीही हसलो.

वर्षभरानं नगरपालिकेच्या शाळेत दुपारी प्रौढांचा वर्ग निघाला. मी दोन पेठा ओलांडून गेलो, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. शिकवणारा माणूस माझ्याच वयाचा, पांढरी टोपी, गळाबंद कोट, सगळे त्याला गुरुजी म्हणत. त्यांनी माझा हात धरून ग गिरवून घेतला. माझ्या हाताला तोवर कुणी शिकवलं नव्हतं, हातानंच दुसऱ्यांना शिकवलं होतं. दोन महिन्यांनी त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि म्हणाले, “वाचा, मिस्त्री.” मी एकेक अक्षर धरत गेलो. शां. ति. ना. थ. “शाबास,” गुरुजी म्हणाले, “हे माझं नाव. माझ्या दुकानावर होतं.” आणि मग त्यांनी दुकानाची गोष्ट सांगितली. खडू हातात तसाच. त्यांचा आणि समोरच्या त्र्यंबकचा तीस वर्षांचा घरोबा. त्र्यंबक पौर्णिमेला नृसिंहवाडीला जायचा तेव्हा दुकानाची किल्ली ह्यांच्याकडे. हे बाहुबलीला जायचे तेव्हा ह्यांची त्याच्याकडे. आणि त्या शनिवारी त्यानं माडीच्या खिडकीतून बोट करून लोकांना ह्यांचं दुकान दाखवलं, स्वतःचं वाचवायला. “नाहीतर बाहेरगावच्या माणसांना कसं कळंल? एवढी पाटी असून चुकतील? कुणीतरी दाखवल्याबिगर?” त्यांनी खडू मोडला. मी पाटीवर त्यांचं नाव गिरवत राहिलो. त्या दिवशी माझी शिकवणी सोडून देण्याची हिंमत झाली नाही आणि सांगण्याचीही नाही. पुढे नऊ वर्षं मी त्र्यंबकला दिलेल्या शिव्या ऐकल्या. माझ्या शिव्या दुसऱ्याच्या नावावर. त्या ऐकताना मी कधी हूं म्हणायचो, कधी मान हलवायचो. कधी कधी, खरं सांगायचं तर, मलासुद्धा त्या त्र्यंबकचा राग यायचा.

साडेबाराला मी पेचकस घेतला आणि स्टुलावर चढलो. फॅक्टरीतल्या माणसानं स्क्रू पार आत गाळले होते. एक निघाला. दुसऱ्यावर मनगट घातलं तोच सयाजी जेवायला आला. उद्यमनगरात त्याचा इंजिनाचे भाग ओतायचा कारखाना आहे. हात माझेच, पण त्यानं लाकूड सोडून लोखंड धरलं. त्यानं मला दंडाला धरून खाली घेतलं, पोराला घेतात तसं.

“काय चाललंय हे?”

“काढतोय.”

“कुणाला इचारून?”

“माझं हाय ते. मी केलंय.”

“आबा, ह्या गावातली निम्मी लाकडं तुमी केल्यात. सगळी उतरवत फिरणार काय? तिनं एवढ्या हौसेनं लावलंय. आधी त्या जुन्या घरातनं याला नगं म्हणत होता. आलासा तर फरशी गार लागती. नळाचं पाणी बेचव. आता भिंतीवर आलाय व्हय?”

“सयाजी, गुरुजी यायच्या आत तेवढं एक काढ. एकच.”

“का?”

त्यानं पेचकस माझ्या हातातून घेतला आणि कपाटावर ठेवला, जिथे माझा हात पोचत नाही तिथे. मग जेवायला बसला. मीही बसलो. तीन माणसं जेवत होती आणि तिघांच्या चावण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, गुरुजींच्या ते लक्षातही येणार नाही. क म्हणजे क. गावात हजार असतील. जळकं तर जळकं. थिगळ त्यांना काय माहीत? ते बघतील, शाबास म्हणतील, मुगाचं वरण खातील, सूर्य मावळायच्या आत टांग्यात बसतील. आणि मी उद्या त्यांच्याकडे जाईन आणि ते त्र्यंबकला शिव्या देतील. असा हिशेब जमल्यावर जेवण गेलं. पण जेवल्यावर पुन्हा खुर्चीत बसलो तेव्हा ती चौकोनी चीर तिथून दिसत होती. दहा वर्षांपूर्वी रस्त्यावरून दिसली होती तशीच.

गुरुजी चारला पाच मिनिटं कमी असताना आले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची त्यांची सवय, पण आज ते बसलेच नाहीत. भिंत बघून हरखले. हात मागे बांधून एकेका अक्षरापाशी थांबत गेले, शाळातपासणीला आल्यासारखे. “हा जुन्या वळणाचा ल बघा. आता कोण काढतंय असा? सूनबाई, हे उलटं का हो? गरीब बिचारं डोक्यावर उभं केलंयसा.” कालिंदी हसली. सयाजीही त्यांच्यासाठी कारखान्यातून लवकर आला होता, तोही हसला. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. मग ते दारापाशी आले. जळक्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, बोट काळं झालं, ते त्यांनी कोटाला न पुसता तसंच धरलं.

“असंच जळालं माझं,” ते म्हणाले. “सूनबाई, तुम्हांस्नी मिस्त्रींनी सांगितलं असंल. त्या त्र्यंबकनं.” आणि सुरू झाले. तीच गोष्ट, त्याच शब्दांत. माडी, खिडकी, बोट. मी मान हलवायच्या तयारीत होतो. पण आज शेवटाला नवीन काहीतरी आलं. “गेल्या महिन्यात त्याची बायको गेली. माई. आमच्या त्रिशलाच्या वेळेला हिला दूध आलं न्हाई, तेव्हा सहा महिने त्या बाईनं माझ्या पोरीला अंगावर पाजलं. तिची तिरडी माझ्या दारावरनं गेली. मी काय केलं म्हाईत हाय? दार लावून घेतलं. आतनं कडी घातली.” ते हसायला गेले, पण त्यांचं तोंड भलतीकडेच गेलं. ते काळं झालेलं बोट त्यांनी दुसऱ्या हातात धरून ठेवलं होतं. “बरं केलं का न्हाई, मिस्त्री?”

ह्या प्रश्नाला मी नऊ वर्षं व्हय म्हणत आलो होतो. आत्ताही व्हय जिभेवर आला होता.

“गुरुजी, त्र्यंबकरावांनी दाखवलं न्हाई. मी दाखवलं.”

“काय दाखवलं?”

“दुकान. तुमचं. मला इचारलं लोकांनी. मी उजवं म्हटलं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खरोखरच हसले. “तुम्ही? अहो, एकोणपन्नास साली तुम्हांला ग म्हंजे काय ठावं नव्हतं. मी हात धरून गिरवून घेतलाय. तुम्हांला कोण पाटी वाचाय सांगंल?”

“येत न्हाई हे कुणाला ठावं नव्हतं. मी अक्षरं करत होतो. लोकांना वाटायचं, येतंय.”

“मग म्हणायचं न्हाई, येत न्हाई म्हणून?”

“न्हाई म्हणवलं.”

स्वयंपाकघरात काहीतरी उतू गेलं आणि कालिंदी हलली नाही. गुरुजींचा चेहरा हळूहळू बदलला, पण मला वाटलं होतं तसा नाही. त्यावर एक प्रकारची चलाखी आली. “त्यानं धाडलंय तुम्हांला. बायको मेल्यावर एकटा पडलाय, आता माणूस पायजे झालंय त्याला. किती गोड बोलला? मिस्त्री, तुम्ही माझ्या हाताखाली शिकला आणि त्याची वकिली करताय?”

मी उठलो. “सयाजी, पेचकस दे.” सयाजीनं बापाकडे बघावं तसं माझ्याकडे फार वर्षांनी बघितलं आणि कपाटावरून पेचकस काढून दिला. उरलेले स्क्रू निघाले. क हातात आला. मी सांगायला लागलो, हे थिगळ, ही गाठ, अप्पा म्हणाला होता हे त्र्यंबकरावांचं, म्हणून ज्या पाटीवर हे दिसलं ती त्र्यंबकरावांची असं मी धरलं. तुमच्या पाटीवर हे कसं आलं ते मला आजवर कळलेलं नाही. बोलता बोलता मी क उलटा केला. मागची बाजू जळली नव्हती. माझ्या पटाशीच्या तीन खुणा होत्या, सहीच्या जागी मी करत असे त्या. आणि त्यांच्या खाली अप्पाच्या हातचा लाल शेंदरी रंग होता. तो मी कधी बघितला नव्हता. बघितला असता तरी तेव्हा काय कळलं असतं?

गुरुजींनी ते आधी वाचलं. मी त्यांच्या डोळ्यांवरून ओळखलं. पण ते म्हणाले, “वाचा, मिस्त्री.” वर्गातल्यासारखं म्हणाले. आवाजात काही नव्हतं.

“त्र्यंबक,” मी वाचलं. “ते खोडलंय. खाली शांतिनाथ.”

अप्पानं अदलाबदल केली होती. खट गिऱ्हाइकाला थिगळ जायला नको म्हणून त्यानं त्र्यंबकरावांचा क शांतिनाथांच्या पाटीवर लावला होता, आणि शांतिनाथांचा चांगला क त्र्यंबकरावांना. कारण शांतिनाथ मऊ माणूस, तक्रार करणार नाही.

गुरुजींनी माझ्या हातातून अक्षर घेतलं. “नऊ वर्षं,” ते म्हणाले. “माझ्यासमोर मांडी घालून बसलासा. माझं नाव गिरवलंसा.” मग, “दुकानाचं काय न्हाई. दुकान जळतंय. पण त्या बाईचं तोंड मी बघितलं न्हाई.” मी पाय धरायला वाकलो, तर ते दोन पावलं मागे सरले. शिवू नये अशा वस्तूपासून सरतात तसे. कालिंदीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी हातानं नको म्हटलं. “सूनबाई, हे मी नेतो.”

“न्या,” कालिंदी म्हणाली. “मला माहीत नव्हतं हो, गुरुजी.”

“तुमचं काय न्हाई. बाकीची राहू देत भिंतीवर. ह्यांना वाचता येतंय आता. रोज बसून वाचू देत.”

टांगेवाला बाहेर थांबलाच होता. सूर्य अजून बराच वर होता. ताटं वाढलेली तशीच राहिली. सयाजीनं शेवटी तोंड उघडलं. “एवढी वर्सं गप होतासा. अजून चार वर्सं गप बसाय काय झालतं? आमच्या घरातच सांगायचं व्हतं व्हय?” त्याचं बरोबर होतं. क च्या जागी डिस्टेंपरला चार भोकं पडली होती. कालिंदीनं तिथे दुसरं काही लावलं नाही. त्या दिवसापासून ती माझं ताट वाढते, नीट वाढते, आणि मला आबा म्हणत नाही. नुसतं, ताट वाढलंय, म्हणते.

दहा दिवस मी गुरुजींच्या वाटेला गेलो नाही. अकराव्या दिवशी दुपारी गेलो, पण त्यांच्या घरी नाही, त्या गल्लीत. दहा वर्षांत पहिल्यांदा. निघताना मनाशी ठरवलं होतं की त्र्यंबकरावांसमोर उभं राहायचं आणि सांगायचं. त्यांनाही दहा वर्षं एक माणूस उगाच वैरी झाला होता. का झाला, हेही त्यांना कुणी धड सांगितलं नसणार. गल्लीच्या तोंडाशीच हिरड्याचा आणि ओव्याचा वास आला. उजवीकडे आता शिवणयंत्रांचं दुकान झालं होतं. डावीकडच्या दुकानात, गल्ल्यामागे, एक गोरे वाळलेले गृहस्थ बसले होते, डोक्याचे केस सुतकानंतर नुकते वाढू लागलेले. आणि त्यांच्या शेजारी बाकावर टोपी गुडघ्यावर ठेवून गुरुजी बसले होते. एकाच कागदावरचे खारे शेंगदाणे दोघं खात होते. गल्ल्यावर, तराजूच्या शेजारी, माझा क उभा करून ठेवलेला होता, जळकी बाजू रस्त्याकडे.

मी समोर जाऊन उभा राहिलो. गुरुजींनी मला बघितलं आणि त्र्यंबकरावांच्या कानाशी काही न बोलता फक्त हनुवटी हलवली. त्र्यंबकरावांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहत होते. फार शांतपणे, वजन बघावं तसं पाहिलं.

“त्र्यंबकराव, मी जोतीराम सुतार. मला...”

“दुकान बंद आहे,” ते म्हणाले.

भर दुपारचे तीन वाजले होते. सगळी गल्ली उघडी होती. ते उठले आणि दुकानाच्या फळ्या लावू लागले. गुरुजी उठून आतून त्यांना एकेक फळी देऊ लागले. जुन्या पद्धतीच्या फळ्या, प्रत्येकीवर सुतारानं आकडा कोरलेला, म्हणजे क्रम चुकत नाही. एक. दोन. तीन. दोन म्हातारी माणसं, घाई नव्हती. फळी खाचेत बसली की त्र्यंबकराव ती तळहातानं ठोकत. मी पुढे होऊन हात लावणार होतो, सवयीनं. सहावी जरा फुगली होती, तिची कड एक रंधा मागत होती. मी हात मागे घेतला. आठवी लागली तेव्हा एका फळीएवढी फट उरली. तिच्यात तराजूचं एक पारडं दिसत होतं आणि क. मग नववी लागली.

आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी रस्त्यावर उभा होतो. लोक बघत जात होते. मान वर केली आणि दुकानावरची पाटी वाचली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. कुठेही थांबावं लागलं नाही.